पाच सिग्मांचे पेढे

मावशी माझ्याकडे राहायला आली त्याच संध्याकाळी दाराची बेल वाजली. मी आंघोळ करत होते, म्हणून दार तिनेच उघडलं. समोर आमचे घरमालक उभे होते. पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेनांची रांग, दोन पायांत दोन निरनिराळ्या जोड्यांमधल्या चपला आणि हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी पुडा पुढे केला आणि गंभीर चेहऱ्याने बातमी दिली, "प्रतिद्रव्य खाली पडलं."

मावशीचा पेढ्याकडे निघालेला हात थांबला. "अरे देवा," ती म्हणाली. "फार लागलं का?"

मी डोक्याला टॉवेल गुंडाळून धावतच बाहेर आले, कारण अशा प्रश्नानंतर काय होतं ते मला माहीत होतं. तळमजल्यावरच्या एका काकूंनी पूर्वी असंच काहीतरी विचारलं होतं, तर सरांनी त्यांना जिन्यात उभं करून कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत शिकवलं होतं. पण त्या दिवशी सर चक्क हसत होते. इतक्या महिन्यांत त्यांचे दात मी पहिल्यांदा बघितले.

मग त्यांनी मावशीला समजावून सांगितलं. आपण ज्या द्रव्याचे बनलो आहोत त्याचं एक उलटं भावंड असतं. विजेचा भार उलटा, बाकी सगळं सारखं. ते पृथ्वीवर सोडलं तर खाली पडेल की वर जाईल हे कुणी बघितलंच नव्हतं, कारण ते साध्या द्रव्याला शिवलं की दोघंही नाहीशी होतात. आता परदेशातल्या एका प्रयोगशाळेने त्याचे अणू चुंबकाच्या बाटलीत अधांतरी धरले, बाटली हळूच उघडली, आणि ते बहुतेक सगळे खालीच गेले. मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे वर जाईल असं वाटत हुतं व्हय तुम्हाला?"

सर म्हणाले, त्यांना स्वतःला नाही, पण काही जणांना शंका होती.

"मग पेढे कशापायी? जे हुणार हुतं तेच झालं की."

"होणार हे सगळ्यांना माहीत होतं," सर म्हणाले. "बघितलं कुणीच नव्हतं."

मावशीने जरा विचार केला आणि पेढा तोंडात टाकला. मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नाही. मी केस पुसायला आत गेले.

सर म्हणजे एका कॉलेजात उभा जन्म भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. लग्न केलेलं नाही. खांदेश्वरला आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर समोरासमोरचे दोन फ्लॅट त्यांचे. एकात ते आणि त्यांची पुस्तकं राहत, आणि दुसरा भाड्याने देत. मी तेव्हा तळोज्याला रंगांच्या कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला लागले होते आणि जागा शोधून शोधून रडकुंडीला आले होते. प्रत्येक घरमालक विचारायचा, मांसाहार करता का, मित्र येतात का, रात्री किती वाजता येता. सरांनी यातलं काहीच विचारलं नाही. विश्व प्रसरण पावतंय हे मला मान्य आहे का, एवढंच विचारलं. मला जागेची निकड होती, मी मान्य केलं. मग त्यांनी विचारलं, किती वेगाने. मी घाबरत घाबरत म्हटलं, बऱ्याच. सर एकदम खूश झाले. म्हणाले, बरोबर आहे, नेमका आकडा कुणालाच जुळवता येत नाहीये, एका पद्धतीने मोजलं की एक येतो आणि दुसऱ्या पद्धतीने मोजलं की दुसराच. आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. डिपॉझिटचं नंतर मलाच आठवण करून द्यावी लागली.

आमच्या सोसायटीत पेढे वाटायची कारणं ठरलेली होती. दहावीचा निकाल, मुलगा झाला, मुलगी झाली, नवी गाडी, आणि कुणाची वर्षानुवर्षं अडकलेली बढती. सरांना यातलं काहीच होणार नव्हतं. पण पेढे वाटायची त्यांना मनापासून हौस. तेव्हा त्यांनी भौतिकशास्त्र हेच आपलं घर मानलं होतं, आणि त्या घरात काही चांगलं घडलं की संध्याकाळी सर तळमजल्यापासून वरपर्यंत दारोदार जात. आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी कृष्णविवराच्या फोटोचा पेढा खाल्ला होता. विश्वकिरणांत सापडलेल्या कुठल्यातरी प्रचंड ऊर्जेच्या कणाचाही खाल्ला होता. एकदा तर अर्धा पेढा मिळाला. त्या वेळी लेझरच्या झोताने हायड्रोजनच्या गोळीत सूर्यासारखी आग पेटवली होती आणि गोळीवर पडलेल्या उजेडापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर पडली होती. पण लेझर चालवायलाच त्याच्या कितीतरी पट वीज लागली होती. सरांनी घरी बसून प्रत्येक पेढा सुरीने मधोमध कापला आणि अर्धा अर्धा वाटला. कौतुक करायचं, पण जेवढ्याला तेवढंच, असं त्यांचं म्हणणं.

सगळ्याला नियम होते. पेढा फक्त पाच सिग्मांना. सिग्मा म्हणजे काय हे आमच्या बिल्डिंगमध्ये शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं, कारण सर ते लिफ्टमध्ये शिकवत. एखादी गोष्ट खरी दिसतेय की नुसता योगायोग आहे, हे मोजायचं ते माप. तीन सिग्मा म्हणजे योगायोगाने असं दिसण्याची शक्यता हजारात एखादी. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण त्याला शास्त्रज्ञ नुसता पुरावा म्हणतात. पाच सिग्मा म्हणजे ती शक्यता पस्तीस लाखांत एखादी. तेव्हा कुठे त्याला शोध म्हणायचं. त्यामुळे तीन सिग्मांना सर फुटाणे वाटत. दूरच्या ताऱ्यांच्या ठोक्यांवरून सगळं विश्व संथपणे हेलकावतंय असं दिसलं तेव्हा आम्हाला कागदाच्या पुडीतून फुटाणे मिळाले होते. सेक्रेटरी त्यावर चिडले. सगळं विश्व हलतंय आणि फुटाण्यांवर भागवता, असं म्हणाले.

पण हळूहळू सगळ्यांनाच ती सवय लागली. पाण्याचा टँकर येणार का, असं विचारलं की वॉचमन म्हणायचा, दोन सिग्मा. लिफ्ट दुरुस्त झाल्याचं सेक्रेटरींनी वार्षिक सभेत जाहीर केलं तेव्हा मागून कुणीतरी किती सिग्मा विचारलं आणि सभेचा विचका झाला. खाडीकडच्या गावातून टोपली घेऊन येणारी मासेवाली तर सरांना बघितलं की हाक मारायची, "सर, आजची कोलंबी पाच शिग्मा हाय. तुमाला फसवनार नाय." सर वाकून, नाकाला चष्मा लावून, कोलंबीची तपासणी करत आणि म्हणत, चार. ती खळखळून हसायची आणि एक कोलंबी जास्त टाकायची. मला वाटतं त्या एका कोलंबीसाठीच ते दर वेळी चार म्हणत.

एक शब्द मात्र सरांच्या तोंडून कधी यायचा नाही. 'नक्की.' बस नक्की येईल का, डॉक्टर नक्की आहेत का, उद्या नक्की भेटायचं ना. असं काही विचारलं की सरांचा चेहरा दुखऱ्या दाढेवर बर्फ लागल्यासारखा व्हायचा. निसर्गात नक्की असं काही नसतं, ते म्हणत, फक्त जास्त शक्य आणि कमी शक्य. भाडेकराराचं नूतनीकरण नक्की करणार ना, असं मी विचारलं होतं, तर मला साडेचार सिग्मा असं उत्तर मिळालं. मी ते लेखी मागितलं नाही.

आता कडुनिंबाचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी राहायला आल्यानंतरच्याच पावसाळ्यातली गोष्ट. सरांनी तरुणपणी, शिकवायला लागण्याआधी, काही वर्षं एका प्रयोगशाळेत अतिवाहक पदार्थांवर काम केलं होतं. ज्यातून वीज जराही अडथळा न येता वाहते असे पदार्थ. पण ते असे वागतात ते भयंकर थंडीत. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन ओतून ओतून सरांना कायमचा खोकला लागलेला. साध्या हवेत, आपल्या घरच्या तापमानाला हे होईल असा पदार्थ सापडावा, हे त्या सगळ्या पिढीचं स्वप्न होतं. आणि एका सकाळी बातमी आली की सापडला. व्हिडिओही आला. राखाडी रंगाचा एक खडा चुंबकावर एका कडेने उचलला जाऊन तरंगत होता. सरांनी मला दार वाजवून बोलावलं आणि तो व्हिडिओ मला पुन्हा पुन्हा दाखवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मी पण रडले, का ते मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी सरांनी नियम मोडला. ना सिग्मा, ना दुसऱ्या कुणाचा पडताळा. स्टेशनजवळच्या मिठाईवाल्याकडून केशरी पेढे आणले, आणि एकेका घरात दोन दोन दिले.

नंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी तो खडा करून बघितला. कुणालाच काही मिळालं नाही. त्यात तांबं आणि गंधक यांची भेसळ होती, सगळा खेळ तिचा होता. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच याचा पत्ता नव्हता. सर गप्प बसले असते तर तो खडा आम्ही कधीच विसरून गेलो असतो. पण एका संध्याकाळी सर कडुनिंबाची डहाळी घेऊन तळमजल्यावर उभे राहिले. प्रत्येक दारात जायचं, मागचा पेढा मी मागे घेतो म्हणून सांगायचं, आणि त्या माणसासमोर कडुनिंबाचं एक पान चावून खायचं. पाडव्याला आपण गूळ घालून खातो, तसा नाही, नुसता. सेक्रेटरींच्या बायकोने साखर आणून दिली तर तिला हात जोडले. माझ्या दारापर्यंत आले तेव्हा त्यांच्या जिभेला बोलताही येत नव्हतं. नुसती बोटाने खूण करून त्यांनी पान खाल्लं आणि वरच्या मजल्याकडे निघाले. मला हसू आवरेना आणि त्याच वेळी त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी दार लावून तिथेच खाली बसले. तेव्हापासून सरांचा एक नवा नियम झाला. एका यंत्राला काहीही दिसो, दुसऱ्या यंत्राला आपणहून तेच दिसेपर्यंत विश्वास ठेवायचा नाही.

आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी माझी मावशी आली. मुलीने परक्या गावी एकटं राहू नये, हे आईचं मत, आणि मावशी नुकतीच निवृत्त झालेली. कराडकडची. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नाही. पुढे तिने एसटीत कंडक्टरची नोकरी धरली आणि आयुष्यभर घाटरस्त्यांवरच्या गाड्यांतून लोकांना पुढे सरकवलं. आवाज असा की आमच्या स्वयंपाकघरातून हाक मारली तर पार्किंगमधले लोक वळून बघत. सोसायटीच्या लिफ्टमध्ये गर्दी झाली की ती सवयीने म्हणायची, चला, आत सरका, मागं जागा हाय.

प्रतिद्रव्याच्या पेढ्यानंतर सर दर दोन-चार दिवसांनी काहीतरी सांगायला येऊ लागले. आधी वाटलं, श्रोता मिळाला म्हणून येतायत. तोवर त्यांचे श्रोते म्हणजे लिफ्टमध्ये सापडलेले लोक. मावशी मात्र पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि मधूनच एखादा प्रश्न फेकायची. एकदा गुरुत्वलहरींचा विषय निघाला. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एकमेकांत मिसळली की सगळ्या अवकाशात लाट उठते. ती आपल्यापर्यंत येते तेव्हा इतकी बारीक झालेली असते की शेजारून गेलेल्या ट्रकनेही यंत्र तिच्यापेक्षा जास्त हलतं. मावशीने विचारलं, मग ट्रक कुठला आन लाट कुठली ते कसं वळखायचं.

सर उठून स्वतःच्या घरात गेले आणि स्टीलच्या दोन वाट्या, दोन चमचे घेऊन आले. एक वाटी त्यांनी पाण्याने भरून आमच्या ओट्यावर ठेवली, दुसरी त्यांच्या. दोन्ही दारं उघडी, पण एकमेकांना दिसणार नाही अशी. पाणी थरथरलं की वाटीवर चमचा वाजवायचा. दुसऱ्याचा चमचा ऐकून मात्र वाजवायचा नाही, ती लबाडी. मला मधल्या पॅसेजमध्ये पंच म्हणून उभं केलं. आधी सरांकडून टण् झालं. त्यांचं वॉशिंग मशीन चालू होतं. मग आमच्याकडून टण् झालं, मावशीने ओट्यावर लाटणं ठेवलं होतं. आणि मग पलीकडच्या प्लॉटवर टॉवरच्या पायाचं काम चालू होतं, तिथे मोठा घणाचा ठोका पडला, आणि दोन्ही घरांतून एकाच वेळी टण् टण् झालं. सर पॅसेजमध्ये आले, मावशी पिठाच्या हातांनी बाहेर आली, आणि दोघं एकमेकांकडे बघून अशी हसली जणू ती कृष्णविवरं त्यांनीच मिसळवली होती.

"एकाचा ठोका तो घरातला," सर म्हणाले. "दोघांचा एकदम आला तर तो बाहेरचा. खरा."

"आमच्याकडं पण असंच हुतं की," मावशी म्हणाली. "एक बेल मारली की गाडी थांबायची. सुटायची ती डबल बेलवरच."

त्यानंतर तो खेळ रोजचाच झाला. संध्याकाळ झाली की दोन दारं उघडायची, दोन वाट्या भरायच्या. पोळ्या करपू लागल्या. आमच्या मजल्यावरून टण् टण् ऐकू येतं म्हणून सेक्रेटरी चौकशीला आले आणि त्यांनाही पंच म्हणून उभं राहावं लागलं. अणूच्या गाभ्याच्या ठोक्यांवर घड्याळ चालवायचा मार्ग सापडला त्या दिवशी सरांनी पेढे वाटले तेव्हा मावशी त्यांच्याबरोबर सगळ्या मजल्यांवर गेली आणि त्यांना बोलायला सुचेना तिथे तिनेच सांगितलं, अब्जावधी वर्षांत सेकंद चुकायचा न्हाई असं घड्याळ हाय म्हणे, आमच्या डेपोत असतं तर सगळ्यांना लेट मार्क.

सोसायटीत सगळे मावशीला ताई म्हणत. वॉचमन, मासेवाली, सेक्रेटरी, त्यांची बायको, सगळे. एकटे सर तिला काहीच म्हणत नसत. आपण म्हणत, ह्या म्हणत, अहो म्हणत, पण ताई हा शब्द त्यांच्या ओठांवर यायचा नाही. हे आधी मासेवालीच्या लक्षात आलं. तिने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मुली, तुझ्या सराचा मासा गलाला लागला हाय." मी तिला गप्प बसवलं, पण त्या दिवसापासून मी दोघांवर नजर ठेवू लागले. दोघंही साठीच्या आसपासची, आपापल्या आयुष्यात पुरती रुळलेली माणसं. आणि मला त्यांचं जमावं असं इतकं वाटू लागलं की मी ऑफिसात रंगाच्या छटा चुकीच्या नोंदवल्या.

नेमकी तेव्हाच माझी पुण्याला बदली झाली. म्हणजे फ्लॅट सोडणं आलं. मावशीला इथे राहायला कारणच उरलं नाही. धाकट्या मामाने फोन करून सांगितलं की वरची खोली तयार आहे, रविवारी जीप घेऊन येतो. मामाही निवृत्त एसटी ड्रायव्हर, मावशीच्याच डेपोतला. मावशी बरं म्हणाली आणि ट्रंक भरायला लागली. एरवी ती काम करताना सतत बोलते. ट्रंक भरताना एक शब्द बोलली नाही.

मी तडक समोरच्या दारात गेले आणि सरांना सरळच विचारलं, तुमच्या दोघांत काही आहे का. मला आडवळणाने बोलता येत नाही, आणि वेळही नव्हता. सर पुस्तकांच्या ढिगात बसले होते. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "साडेतीन."

म्हटलं, साडेतीन काय.

"साडेतीन सिग्मा. फुटाण्यांच्या वर आहे, पेढ्यांच्या खाली."

मी चिडले. म्हटलं, सर, उरलेल्या दीडसाठी थांबलात तर रविवारी जीप येईल आणि तुमचं यंत्रच कराडला जाईल. तुम्ही जाऊन बोला तरी. मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही.

"मला दिसतंय गं," ते म्हणाले. "पण तो खडा तरंगतानाही मला दिसलाच होता. मला फार हवं होतं, म्हणून दिसला. आता हे तर त्याहून जास्त हवंय. मग माझ्या दिसण्याला काय अर्थ?"

ते पुढे म्हणाले की चूक झाली तर पुन्हा कडुनिंब खावा लागेल, त्याचं काही नाही, पण या वेळी तो तिच्या दारात उभं राहून खावा लागेल, आणि ते त्यांच्याने व्हायचं नाही. मी म्हटलं, मग मी मावशीला विचारते. सर ताडकन उभे राहिले. अजिबात नाही. एका प्रयोगशाळेने आपलं उत्तर दुसरीला सांगायचं नसतं. सांगितलं की दुसरीचं मोजमाप गढूळ होतं. तुझी मावशी फार मायाळू आहे, ते म्हणाले, एकदा कळलं तर माझं मन राखायला हो म्हणेल, आणि ते हो कसलं ते मला कधीच कळणार नाही. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. मी दिला, आणि दिल्याक्षणी पस्तावले.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. मावशी ट्रंकेत साड्या घालायची, काढायची, पुन्हा घालायची. तोंड उघडलं तर सगळं बाहेर पडेल म्हणून मी तोंडात सुपारी ठेवून फिरत होते. संध्याकाळी वाट्या भरल्या जात होत्या, पण पायाचं काम त्या आठवड्यात बंद होतं. एकही ठोका आला नाही. दोघं आपापल्या ओट्यापाशी उभी राहून पाण्याकडे बघत बसायची, आणि मी पॅसेजमध्ये पंच.

रविवारी सकाळी मामाची जीप आली आणि गेटसमोरच उभी राहिली. ट्रंक चढली. सेक्रेटरी खाली येऊन मामाला गाडी काढायला सांगू लागले, आणि मामा इंजिन चालू ठेवून, आत्ता निघतो म्हणत राहिला. मावशी मात्र सकाळपासून घरात नव्हती. स्टेशनकडं जाऊन येते म्हणून गेली ती गेलीच. सर त्यांच्या दारात उभे होते. त्या दिवशी त्यांच्या पायात एकाच जोडीच्या चपला होत्या. निरोप द्यायला म्हणून त्यांनी शोधून काढल्या असाव्यात. ते बघून मला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात मावशी जिना चढून आली. लिफ्ट बंद होती, त्यामुळे दमली होती. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. ती आमच्या दाराकडे वळलीच नाही. सरांसमोर जाऊन उभी राहिली आणि पुडा पुढे केला.

"कशाचे?" सरांनी विचारलं. आजवर सगळ्यांनी त्यांना विचारलेला प्रश्न ते पहिल्यांदाच दुसऱ्याला विचारत होते.

"आमच्याकडची वाटी हलली," मावशी म्हणाली.

सरांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी गळ्याला हात लावून आईची शपथ घेतली की मी एक अक्षर बोलले नाही. मग ते मावशीकडे वळले. अशा प्रसंगीही त्यांना पडताळा हवाच होता.

"कधी?"

"ते तुमचं वरनं खाली पडलं आन मी लागलं का म्हणून इचारलं," मावशी म्हणाली. "तुम्ही हसला न्हाई का, तवा."

"तेव्हाच," सर म्हणाले. "इकडेही तेव्हाच."

त्यांनी पेढा घेतला. तो इतका घट्ट धरला की त्याचा भुगा झाला आणि त्यांनी तो भुगाच खाल्ला. मावशीने दुसरा दिला. खालून मामाने हॉर्न वाजवला. मावशीला एकदम आठवण झाली. ती आमच्या घरात गेली, ओट्यावरची वाटी आणि चमचा घेऊन गॅलरीत आली, आणि खाली बघून वाटीवर चमच्याने दोनदा वाजवलं. टण् टण्.

मामाने सगळी हयात डबल बेलवर गाडी सोडण्यात घालवलेली. त्याने मान वर न करता गिअर टाकला, आणि मावशीची ट्रंक घेऊन जीप गेटसमोरून निघून गेली. सेक्रेटरींनी समाधानाने गेट लावलं. मागची सीट रिकामी आहे हे मामाच्या लक्षात आलं ते हायवेला लागल्यावर. माझा फोन वाजला. मावशी तोवर पुडा घेऊन वरच्या मजल्यावर पोचली होती आणि तिचा आवाज जिनाभर घुमत होता. मी इतकी हसत होते की मला बोलता येईना. फोन मी सरांच्या हातात दिला. मामा पलीकडून एवढ्या जोरात बोलत होता की मला सगळं ऐकू आलं.

"आक्का येणार हाय का न्हाई? मी मधीच थांबलोय. काय ते नक्की सांगा."

सरांनी घसा साफ केला.

"नाही येणार," ते म्हणाले. "नक्की."